शांतपणे, राहत्या घरी

"सोमवारी दुपारी बारा वाजता या गावातलं एक जरी घर आमचं चॅनेल सोडून दुसरं काही बघताना सापडलं, तर अर्धी मिशी उतरवून बाजारात हिंडेन!"

मॅलकी टिम्लिनने ही घोषणा बॅलिनगॅराच्या पशुखाद्याच्या दुकानात, पंचवीस शेतकऱ्यांसमोर केली. मिशी चांगली भरघोस होती. शेतकऱ्यांनी ती नीट पाहून घेतली, माना डोलावल्या आणि पुन्हा मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलू लागले.

चॅनेलचं नाव टिंटान, म्हणजे चूल. आयर्लंडच्या माणसांनी आयर्लंडच्या माणसांसाठी काढलेलं नवंकोरं चॅनेल! मुख्य कचेरी अर्थातच डब्लिनला. पण पश्चिमेची कचेरी बॅलिनगॅरात, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती आणि मॅलकी तिचा प्रमुख होता. शिपाईही तोच. त्याच्या हाताखाली एकच माणूस, बातम्या वाचणारी फिनोला. तिच्या आवाजात पावसाचा अंदाजसुद्धा गोड वाटायचा.

पण डब्लिनच्या त्याच्या वरिष्ठ, ग्रॉन्याबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. "मॅलकी, पहिल्या दिवशी तुमच्या गावातली निदान पन्नास घरं आपल्याला बघताना दिसली पाहिजेत. नाहीतर पश्चिमेच्या बातम्या आम्ही इथूनच वाचू." घरं मोजायची सोय त्यांनी केली होती. चॅनेल दिसायला टीव्हीला एक छोटा डबा जोडावा लागे, आणि तो चालू असला की डब्लिनला बसल्या जागी कळे.

मॅलकीने सहा आठवडे दारोदार फिरून दोनशे दहा डबे वाटले. प्रत्येक घरात त्याला चहा मिळाला, लोणी लावलेला ब्राउन ब्रेड मिळाला आणि "लावतो की! न लावायला काय झालं?" असं आश्वासनही मिळालं. त्या मुलखात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. हे मॅलकीला जन्मापासून ठाऊक होतं. पण गोड ऐकायची हौस माणसाला फार महागात पडते.

सरळ नाही म्हणणारी अख्ख्या गावात एकच व्यक्ती निघाली. त्याची सख्खी आत्या, डेलिया टिम्लिन.

"मला नको तुझं ते चॅनेल," आत्या म्हणाली. "माझ्याकडे दोन आहेत, आणि दोन्हींवर माझा विश्वास नाही."

मॅलकीला तिनेच लहानाचा मोठा केला होता. आईबाप त्याला आठवतही नव्हते. आता एक्क्याऐंशीव्या वर्षीही ती स्वतः कुदळ घेऊन बटाटे काढायची आणि शेजारच्या मॉसी रुआनशी कुंपणावरून भांडायची. भांडण अकरा वर्षांचं होतं. मॉसीने खांब सरकवून दीड हात जमीन खाल्ली असं आत्याचं म्हणणं, आणि खांबाला त्याने हातही लावला नाही असं मॉसीचं. भांडणापलीकडे दोघं एकमेकांशी शब्द बोलत नसत. मॅलकीने आत्याच्या शिव्या खात तिच्या झोपायच्या खोलीतल्या टीव्हीला डबा जोडला, टिंटान लावलं आणि तो पळाला.

हुकमाचा एक्का मात्र त्याने राखून ठेवला होता. दुपारी बाराच्या निधनवार्ता! या मुलखातला माणूस एक वेळ प्रार्थना चुकवेल, पण कुणाचं मरण चुकवणार नाही. जो मयताच्या घरी हात मिळवायला गेला नाही, त्याचं नाव तीन पिढ्या लक्षात ठेवतात.

सोमवार उजाडला आणि अख्ख्या परगण्यात कुणी मरेना!

मॅलकीने चार अंत्यसंस्कारवाल्यांना फोन केले. चौघेही हातावर हात ठेवून बसलेले. किलमोरचे म्हातारे डॉलन, ज्यांच्यावर त्याची बरीच भिस्त होती, ते सकाळी उठून दोन अंडी खाऊन बसले होते. पावणेबाराला मॅलकी पोरकं तोंड करून खाली औषधाच्या दुकानात गेला, की निदान तिथे कुणाची प्रकृती गंभीर असल्याचं कळेल!

तो वर येईपर्यंत बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. फिनोला डोळे पुसत होती.

"वाचली का काही?" त्याने विचारलं.

"वाचली," ती हुंदका देत म्हणाली. "तुम्ही किती धीराचे हो! सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत. मला तर तुमच्या टेबलावर कागद सापडला तेव्हा कळलं."

मॅलकीने कागद पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यापूर्वी अक्षरांचा आकार तपासायला त्याने एक नमुना लिहिला होता. परक्याचं नाव कसं घालायचं, उगाच अपशकुन! म्हणून त्याने अशा व्यक्तीचं नाव घातलं होतं, जिच्याकडे यायला यमालाही दोन वेळा विचार करावा लागला असता. 'डेलिया टिम्लिन, कॅरोबेग. शांतपणे, राहत्या घरी. दर्शनासाठी घर दुपारी दोन ते सहा उघडं.'

"अगं, ती जिवंत आहे!"

"माझ्याही आठवणीत त्या कायम जिवंत राहतील," फिनोला म्हणाली.

तिला खरं काय ते कळायला पाच मिनिटं गेली. मग दोघं फोनकडे बघत बसले. आता कुणाचा फोन आला तर लोक चॅनेल बघतात हे सिद्ध होणार, पण आत्या मॅलकीला उभा चिरणार. आला नाही तर मॅलकी वाचणार, पण कचेरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर! फोन वाजलाच नाही. साडेबाराला मॅलकीला हायसं वाटलं. पावणेएकला रडू आलं. कुणीच बघितलं नव्हतं!

निदान माफी तरी मागावी म्हणून त्याने आत्याला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पाच वेळा लावला. आत्या जेवणाच्या वेळी घर सोडून कधीच जात नसे.

इतक्यात ग्रॉन्याबाई डब्लिनहून येऊन थडकल्या. उद्घाटनाचा दिवस त्यांना पश्चिमेत घालवायचा होता. फिनोलाचे लाल डोळे आणि मॅलकीचा पांढरा चेहरा पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं. मॅलकीने घोगऱ्या आवाजात "माझी आत्या..." एवढंच म्हटलं, आणि बाईंनी त्याला हाताला धरून स्वतःच्या गाडीत बसवलं.

कॅरोबेगच्या वळणावर गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मैल गाड्या उभ्या! पिवळी जाकिटं घातलेले गावातले बाप्ये हात करकरून गाड्या शेतात वळवत होते.

"एवढी माणसं?" ग्रॉन्याबाई म्हणाल्या.

"बघितलं!" मॅलकी जागच्या जागी उडाला. "बाई, सगळ्यांनी बघितलं! टिंटानवर!"

"तुमची आत्या गेली ना?" बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा समोर घर होतं. खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले. मॅलकी दाराकडे धावला. टीव्हीवर काहीही सांगोत, पण पडदे घरचं माणूस ओढतं, आणि तेही घरात मरण झाल्यावरच! आत डोकावला, तर स्वयंपाकघरातलं घड्याळही मरणाच्या रिवाजाप्रमाणे बारा वाजून दहा मिनिटांवर थांबवलेलं होतं. म्हणजे आपण लिहिलं आणि तसंच घडलं! ती खरंच गेली, आणि शेवटचं आपण तिच्याशी एका डब्यावरून भांडलो!

"वाईट झालं हो, मॅलकी." एक हात पुढे आला. "फार वाईट झालं." दुसरा हात आला. बघता बघता रांग लागली. मॅलकी हात मिळवत गेला आणि लहान पोरासारखा रडत गेला. ब्रायडी लाव्हेल नावाच्या शेजारणीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. गावच्या सभागृहातली मोठी चहाची किटली आली होती, हॅम सँडविचेसचा डोंगर लागला होता, सफरचंदाच्या टार्ट तर मोजायला नकोत! ग्रॉन्याबाईंच्या हातात दोन मिनिटांत कप, बशी आणि तीन सँडविचेस आली.

"आणि... आत्या कुठे आहे?" मॅलकीने हळूच विचारलं.

"मागच्या खोलीत," ब्रायडी म्हणाली. "दाराला आतून कडी आहे. अंत्यसंस्कारवाले तयारी करत असतील, म्हणून आम्ही कुणी ठोठावलं नाही. बरं दिसत नाही ते."

तेवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात मॉसी रुआन उभा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने हा उंबरा ओलांडला होता. टोपी हातात चुरगाळत तो बंद दारासमोर जाऊन उभा राहिला.

"डेलिया," तो दाराला म्हणाला, "तू होतीस म्हणून मला रोज सकाळी उठावंसं वाटायचं. आज उठून काय करू, भांडू कुणाशी? खरं सांगतो आता. खांब मीच सरकवला. दीड हात नाही, दोन हात. जमीन तुझीच होती गं!"

सगळ्यांचे डोळे भरून आले. बायकांनी रुमाल काढले. आणि कडी खाड्‌कन वाजली!

"मॉसी रुआन!" दारात डेलिया आत्या उभी होती. अंगात रविवारचा कोट, हातात चहाचा कप. "पुन्हा बोल! साक्षीदारांसमोर पुन्हा बोल!"

ब्रायडीने हातातलं ट्रायफल पुडिंगचं भांडं सोडलं. दोन माणसं खिडकीतून बाहेर पडली. मॉसी मटकन खुर्चीत बसला आणि त्याने निमूटपणे पुन्हा सांगितलं, दोन हात.

"या बाई कोण?" ग्रॉन्याबाईंनी मॅलकीला विचारलं.

"ज्या गेल्या, त्या!" असं म्हणून मॅलकीने आत्याला अशी मिठी मारली की कपातला चहा दोघांच्या अंगावर सांडला.

"सोड, गाढवा! मेले नाही तर आता गुदमरून मरेन," आत्या ओरडली. पण तिनेही त्याला सोडलं नाही.

मग सगळा उलगडा झाला. ग्रॉन्याबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. "एकशे साठ माणसं!" त्या पुटपुटल्या. "तुम्ही सगळ्यांनी आमचं चॅनेल बघितलं?"

"बघितलं की!" एकशे साठ माणसं एका सुरात म्हणाली. "छान आहे हो चॅनेल!"

एवढं अन्न आलं होतं, ते टाकून जायचं कसं? कुणीच गेलं नाही. टीव्ही उचलून स्वयंपाकघरात आणला गेला. सहा वाजता टिंटानचं पहिलं संध्याकाळचं बातमीपत्र लागलं, तेव्हा माणसं टेबलावर, जिन्यावर, खिडक्यांच्या बाहेर फुलांच्या वाफ्यात उभी होती. फिनोलाने गोड आवाजात सांगितलं, "कॅरोबेगच्या डेलिया टिम्लिन यांचं निधन झालेलं नाही. झालेल्या त्रासाबद्दल कुटुंबीय दिलगीर आहेत." घराचं छप्पर उडेल असा जल्लोष झाला. मॅलकीला वाटलं, आपलं चॅनेल जन्माला आलं ते हे असं!

चार दिवसांनी ग्रॉन्याबाईंचा फोन आला.

"मॅलकी, आकडे आलेत. सोमवारी दुपारी बाराला तुमच्या गावात टिंटान एका घरात चालू होतं."

"काय?" मॅलकी उभा राहिला. "आणि सहाला? सहाला तर सगळं गाव..."

"एका घरात. डबा घरं मोजतो, माणसं नाही. पण एका टीव्हीसमोर एकशे साठ माणसं मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिली. तीन महिने देते. बाकीचे डबे लावून घ्या. आणि यापुढे निधनवार्ता वाचण्याआधी घरी फोन करायचा. मयताने स्वतः फोन उचलला, तर वाचायची नाही."

मॅलकी नाचतच कॅरोबेगला गेला. बाहेर मॉसी घाम गाळत खांब मागे सरकवत होता आणि आत्या खिडकीतून "अजून वीतभर!" म्हणून ओरडत होती.

"आत्या, बाराला एकाच घरात टीव्ही चालू होता म्हणे. मग ही सगळी माणसं आली कशी?"

"पडदे बघून आली," आत्या म्हणाली. "तुझे डबे कोण लावतंय! ब्रायडीने तर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडकण म्हणून ठेवलाय. पडदे मी ओढले, घड्याळ मी थांबवलं."

"पण का?"

"टीव्हीवर ती मुलगी म्हणाली, घर दोन ते सहा उघडं. म्हटलं, बघू तरी कोण कोण येतं. नाहीतर आपल्या मयताला आपल्याला कुठे बघायला मिळतं!"

मॅलकीने एकदा मिशीवरून हात फिरवला. निम्म्या मिशीचा तरी आता भरवसा नव्हता. पण एक आशा शिल्लक होती. "म्हणजे अख्ख्या गावात आमचं चॅनेल तू एकटीने बघितलंस! तुला आवडलं ना गं?"

"आवडतंय कसलं! तू लावून पळालास, आणि मला ते बदलता येईना. तेव्हापासून बटणं दाबतेय." आत्याने त्याच्यासमोर चहा ठेवला. "काल मॉसी म्हणाला, मी बदलून देतो."

"मग?"

"म्हटलं, राहू दे."