सात नदियों का राजा हयात असल्याची बखर

श्री बिरोबा समर्थ. त्याच्या कृपेने मांजरेच्या काठच्या मुलखात, जेथे माणूस बाजारात कानडी, घरात मराठी आणि भांडणात दखनी बोलतो, तेथे प्रस्तुत काळी जे महायुद्ध जाहले, त्याची हकीकत लिहिली असे. ऐकणाराने मोबाइल खिशात घालून चित्त द्यावे. सदर प्रसंगी पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा फिरली नाही, त्याचा राग कोठे अक्षरांत उतरला असल्यास लेखकास माफी असावी.

कसबे औराद येथील सिद्धाप्पा म्हणजे बहुत मातबर असामी, मिशा पांढऱ्या, शब्द एक. त्यांची नात रूपा. मौजे संतपूर येथील अनसाबाई म्हणजे त्याहून मातबर, कारण त्यांस मिशांची गरज नव्हती. त्यांचा नातू भीमाशंकर. या दोघां मुलांनी बिदरास कॉलेजात असता एकमेकांस पसंत केले, आणि मग दोन्ही घरच्या वडिलांच्या विनवण्या केल्या, आणि उपास केले, आणि रुसवे धरले, आणि दोन पावसाळे गेल्यावर होकार मिळविला. मग सुमुहूर्त पाहून औरादेस मंगल कार्यालयात साखरपुडा नेमिला, आणि संतपूरकर दोन टेम्पो भरून दाखल जाहले.

ओटी भरली, आणि साखर हातात घेतली, आणि आचाऱ्याने नारळ फोडावयास वर उचलला, इतक्यात डीजेवाला सोमशेखर याने आपला तोफखाना सुरू केला. हल्ली ज्या गाण्यावर तमाम पोरे-पोरी मोबाइलसमोर कंबर हलवितात, तेच गाणे त्याने डागिले. ते मूळचे जुन्या काळचे, 'सात नदियों का राजा' नामे हिंदी सिनेमातील. त्याला नवा ढोल जोडून कोणी पुन्हा बाजारात आणिले होते. संतपूरच्या तमाम स्त्रियांनी त्या तालावर टाळ्या धरल्या, आणि त्याच क्षणी औरादच्या तमाम वृद्धांनी डोक्यावरच्या टोप्या काढिल्या.

सिद्धाप्पांच्या हातून साखर खाली पडली. ते गरजले, "काय वाजवायलास रे? बंद कर. इथं कोन मेलंय?"

अनसाबाई उठल्या. "मरनाचं कामून काढायलाव, अण्णा? पाळन्याचं गानं हाय ते."

येथे वाचकास खुलासा करणे जरूर. औरादेस कोणी मयत जाहल्यास बँडवाले पुढे हेच गाणे संथ वाजवितात, हा चाळीसेक वर्षांचा रिवाज. संतपुरास पोर जन्मल्यास बारशाला हेच गाणे वाजते, हाही तितकाच जुना रिवाज. उभय गावांचे सोयरे एकमेकांकडे जात-येत, परंतु विचारले कोणी नाही. संतपूरकर औरादेस मयतीला येत आणि मनात म्हणत की, हे लोक मोठे ज्ञानी, मेल्यालाही पाळण्यात घालितात. औरादकर संतपुरास बारशाला जात आणि गपचूप घुगऱ्या खाऊन परत येत, की या लोकांस काळीज म्हणून नाहीच.

मग जाबसाल सुरू जाहले. सिद्धाप्पांचे म्हणणे ऐसे की, आपण तो सिनेमा औरादच्या जत्रेत तंबूत खासा पाहिला. नावाड्याचा पोर राजा, खोट्या खुनात सापडला, आणि आई रडत हे गाणे म्हणते, आणि राजा फासाकडे चालत जातो, आणि सिनेमा संपतो. ऐसे गाणे नातीच्या साखरपुड्यात वाजविणे म्हणजे तिचे कुंकू पुसणे होय. अनसाबाईंचे म्हणणे ऐसे की, आपणही तो त्याच दिवशी संतपूरच्या जत्रेत तंबूत पाहिला. राजा फासावरून सुटतो, आणि त्याचे लग्न होते, आणि लेकरू होते, आणि आई त्यास पाळण्यात घालून हे गाणे म्हणते, आणि सिनेमा संपतो. ऐसे गाणे बंद करविणे म्हणजे आपल्या नातवाचा वंश खुडणे होय.

उभयतां मागे हटेनात. मग खुर्च्यांच्या दोन फौजा जाहल्या, आणि टेम्पोवाल्यांस इंजिन सुरू करण्याचा हुकूम सुटला, आणि भीमाशंकर दोन्ही छावण्यांत पाण्याच्या बाटल्या वाटीत फिरला, कारण त्या शूरास दुसरे काही सुचेना. नारळ तसाच आचाऱ्याच्या काखेत राहिला. रूपाचे डोळे भरून आले. या क्षणी ते लग्न मोडलेच होते, हे लेखक छातीवर हात ठेवून लिहितो.

परंतु ती पोर सिद्धाप्पांचीच नात. तिने डोळे पुसले, आणि मोबाइलात तो सिनेमा शोधून काढिला, आणि कार्यालयाच्या खिडक्यांस सतरंज्या लाविल्या, आणि डीजेच्या पडद्यावर तो चढविला, आणि कार्यालयाचे फाटक लावून किल्ली आपल्या कंबरेस खोविली. तिने फर्मान काढिले ते येणेप्रमाणे : "आज्जा, अन् आज्जी तुमी बी. आदी सिनेमा बघा. मग लगीन मोडायचं का न्हाई ते ठरवा."

भर दुपारी सिनेमा सुरू जाहला. आरंभीच पाळणा आला, गाणे आले. अनसाबाई गोंधळल्या. शेवट आधीच कसा आला? त्या म्हणाल्या, "हे तर राजाचं लेकरू." रूपाने कळविले की, हा खुद्द राजाच. अनसाबाईंनी ज्यास चाळीस वर्षे राजाचा मुलगा मानून मनोमन काजळ लाविले, तो बापच निघाला.

मग कथा पुढे चालली, आणि खून जाहला, आणि राजा फासाकडे निघाला, आणि आई तेच गाणे रडत म्हणू लागली. औरादचे वृद्ध उठले, टोप्या काढिल्या, आणि सिद्धाप्पा म्हणाले, "झालं. बघितलंव न्हवं? लावा दिवे." त्यांचा आवाज फाटला होता. जत्रेच्या त्या दिवसानंतर त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता. घरच्यांस वाटे की पैशाची काटकसर. ते तसे नव्हते.

रूपाने दिवे लाविले नाहीत. पडद्यावर घोड्यावरून कोणी कागद फडकावीत आला.

"अजून हाय?" सिद्धाप्पांनी विचारले.

"बसा, अण्णा," अनसाबाई हळूच म्हणाल्या. "हितून पुढचं मला पाठ हाय. सुटायलाय त्यो."

दोरी गळ्यातून निघाली. आईने राजास उराशी धरिले. सिद्धाप्पा खुर्चीचा दांडा धरून उभेच राहिले, आणि त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळू लागले, आणि ते शेजाऱ्यांस, आचाऱ्यास, सोमशेखरास, ज्याला त्याला सांगू लागले, "जित्ता हाय त्यो. आरं, सुटला की."

मग अनसाबाईंस आठवले आणि सर्व उलगडले. तंबूवाला एकच. त्याचा सिनेमा एकच, जत्रा दोन. सबब सिनेमाच्या रिळांचे बहुतेक डबे त्याने औरादेस ठेविले, शेवटले काही संतपुरास धाडिले, आणि अदलाबदलीस एक फटफटी नेमिली. ती औरादहून पहिला डबा घेऊन संतपुरास पोचली आणि तेथेच तिचे पेट्रोल संपले. संतपूरकरांनी शेवट पाहून मग आरंभ पाहिला आणि खुशीत घरी गेले. औरादेस शेवट पोचलाच नाही. तंबूवाल्याने फासापाशी 'समाप्त' पुकारिले, आणि एका बाटलीभर पेट्रोलापायी एक कसबा चाळीस वर्षे दुःखात राहिला.

मग नारळ फुटला. साखर वाटली. सिद्धाप्पांनी स्वमुखे सोमशेखरास ते गाणे मोठ्याने वाजविण्याचा हुकूम दिला, आणि अनसाबाईंसमोर दोन पावले नाचले. मग तह ठरला की, हे गाणे बारशास आणि लग्नास उभय गावी वाजावे, आणि मयतीसाठी बँडवाल्यांनी दुसरे शिकावे. संतपूरचे टेम्पो निघते वेळी सिद्धाप्पा नातीजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "ते सुटायलाय तेवढं परत दाव की गं." तिने दाविले. त्यांनी पुन्हा दाखविण्यास सांगितले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, रूपा व भीमाशंकर यांचा विवाह निश्चित जाहला, आणि सात नदियों का राजा हयात आहेत. औरादकरांनी आता सुतक फेडावे.