ठराव क्रमांक सात : काल्माकॉफबाईंच्या बादल्यांबाबत

स्वतः काय खावं हे ठरवायला माणसाला जन्म पुरत नाही. दुसऱ्याला काय खायला घालावं याबद्दल मात्र त्याच्या मनात कधीच शंका नसते. आमचं कूटने खोरे विनामाती गांजा उत्पादक मंडळ याच भक्कम पायावर उभं आहे. सभासद घरं एकतीस, माणसांचं सरासरी वय अडुसष्ट. कॅनडाच्या कायद्याने घरटी चार झाडं, म्हणजे एकूण एकशे चोवीस झाडं आणि त्यांच्याविषयी त्याहून बरीच जास्त मतं. (झाडांचं मत घेण्याची तरतूद घटनेत नाही.) मी चिटणीस.

मातीतलं झाड हवं ते घेतं, नको ते मातीतच सोडतं. आमच्या झाडांची मुळं बादलीतल्या पाण्यात लोंबतात. आपण कालवू ते त्यांनी प्यायचं. त्यामुळे पाण्यात खत किती कडक असावं, या प्रश्नावर आमच्याकडे दोन सोयरिकी मोडल्या आहेत. खताच्या बाटलीवर कंपनी तक्ता छापते. तो तंतोतंत पाळल्यास बाटली तीन आठवड्यांत संपते, एवढं निर्विवाद सिद्ध झालं आहे.

फेब्रुवारीत लुकेरिया काल्माकॉफ बैठकीला आली. एरवी ती येत नसे. तिचा नवरा वासिल लाकडाच्या गिरणीत होता. एकोणीस वर्षांपूर्वी ओंडक्यांची थप्पी त्याच्या कमरेवर कोसळली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं आणि वासिलही थांबायचा. डोळे उघडे असले तरी तो घरात नसायचा. पण तळघरातल्या चार झाडांचं तेल जिभेवर घेतलं, की तो टेबलापाशी ताठ बसून बीटाचं बोर्श्ट सूप प्यायचा आणि सरकारला शिव्या घालायचा. दुकानातल्या तेलाने त्याला नुसतं हसू यायचं, कंबर ठणकतच राहायची. घरच्या तेलाची आता एकच बाटली उरली होती, तीही अर्धी.

"पानं जरा फिकी दिसतायत," लुकेरिया म्हणाली. "काय करू?"

एकवीस जण हजर होते. एकानेही "मला माहीत नाही" असं म्हटलं नाही, हे मी अभिमानाने नोंदवतो.

तिने बरणीतून बादलीतलं पाणी आणलं होतं. अध्यक्ष वेंडल टोफ्टे (नगराच्या पाणीखात्यातून निवृत्त) यांनी खत मोजायचा मीटर बुडवला. "अकराशे." उपाध्यक्ष गार्थ पिंचबेक यांनी त्याच बरणीत स्वतःचा बुडवला. "सातशे ऐंशी."

"तुझा मीटर बिघडलाय, गार्थ."

"माझा? अख्ख्या गावाला क्लोरीनचा चहा पाजणारा तू, आणि माझा मीटर बिघडलाय?"

वास्तविक दोन्ही मीटर बरोबर होते. मीटर फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो; मग एक कंपनी त्याला सातशेने गुणते, दुसरी पाचशेने. हे माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर छापलेलं आहे. आमच्यात माहितीपत्रक वाचणं नवशिक्याचं लक्षण समजतात.

मतदान झालं. अकराशेवादी अकरा, सातशेऐंशीवादी नऊ, तटस्थ एक (गार्थची बायको, तिला घरी जायचं होतं). उपसमिती नेमली गेली. तिच्या तीन बैठका झाल्या, एक्केचाळीस सँडविच संपली आणि ठराव क्रमांक सात मंजूर झाला : "श्रीमती काल्माकॉफ यांनी आकडा पंधराशेवर न्यावा."

कुणाच्या मीटरवरचे पंधराशे, हे ठरावात लिहायचं राहिलं. वेंडलच्या मीटरवर पंधराशे म्हणजे झाडाला सोसेल इतपत. लुकेरियाचा मीटर गार्थच्या कंपनीचा. तिचे पंधराशे म्हणजे वेंडलचे एकवीसशे. ठराव मीच लिहिला होता. अक्षर सुरेख आलं आहे.

नवव्या दिवशी पानांची टोकं करपली आणि पानं मांजरीच्या नखांसारखी खाली वळली. आम्ही पाच जण पाहणीला गेलो. लुकेरियाने तळघरात खुर्च्या मांडल्या, सारण भरलेल्या गरम पिरोश्की दिल्या. वेंडलने झाडांभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भूक," तो म्हणाला.

"उपाशी आहेत बिचारी," गार्थ म्हणाला. "अजून वाढव."

अकरा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. वासिल खाली येत होता, एकेका पायरीवर बसत. चौदा पायऱ्या. तेल मंगळवारीच संपलं होतं. आम्ही सगळे मीटरकडे बघत होतो, म्हणून हात द्यायचं कुणाला सुचलं नाही. तो बादलीशी आला, पाण्यात बोट बुडवलं, चाटलं आणि थुंकला.

"आई काकड्या मुरवायची, त्यातसुद्धा इतकं मीठ नसायचं."

"वासिल, जिभेला आकडा कळत नाही," वेंडल समजावणीच्या सुरात म्हणाला.

"मला कळला. लुके, ओतून टाक सगळं."

लुकेरियाने आमच्याकडे पाहिलं. मी ठरावाकडे पाहिलं. मग तिने चारही बादल्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. साधं पाणी भरलं, त्यात बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या पाव हिश्शाने खत घातलं. कुणी मदत केली नाही. मंजूर ठरावाविरुद्ध मदत करता येत नाही.

"या माणसाची कंबर मी तुमच्या कागदावर टांगली," ती हळूच म्हणाली. आमच्याशी नव्हे, बादलीशी. मग वळून म्हणाली, "पिरोश्की संपवून जा. टाकायच्या नाहीत."

मी आणखी दोन खाल्ल्या. भूक नव्हती, पण बाईने सांगितलं होतं. हे इतिवृत्तात नाही.

दोन झाडं मेली, दोन सावरली. मे महिन्यात तेलाच्या दोनच बाटल्या निघाल्या. वासिल आता एक दिवसाआड तेल घेतो. एक दिवस तो टेबलापाशी बसून सरकारला शिव्या देतो. दुसऱ्या दिवशी गोळ्या खाऊन वर पडून असतो आणि लुकेरिया एकाच माणसाचं ताट मांडते. वार्षिक अहवालात आम्ही लिहिलं : "मंडळाच्या वेळीच मिळालेल्या मार्गदर्शनामुळे पन्नास टक्के झाडं वाचली." अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

जूनमध्ये पोस्टात लुकेरिया भेटली. हल्ली आकडा किती ठेवतेस, असं विचारलं.

"मीटर नदीत फेकला," ती म्हणाली. "पानं बघते."

मी हे बैठकीत सांगितलं. दोघातिघांनी वहीत टिपून घेतलं. मग वेंडलने हात वर केला : "पण बघते म्हणजे किती?"

तुम्ही हसलात. पण बाटलीचा पाव हिस्सा म्हणजे मीटरवर नेमका किती, हा हिशेब मघाशीच मनातल्या मनात करून पाहिलात ना? मग अर्ज भरायची गरज नाही. तुमचं सभासदत्व मंजूर आहे.