नाना प्रोसेसर घेतात

मागे पाच जण बंदुका घेऊन लागलेले असतानाही आमचे घरमालक नाना उभ्या पिकातून जीप घालत नाहीत. बांधाबांधाने लांबचा वळसा घेतात आणि मरतात. मग हेडफोन काढून शांतपणे म्हणतात, "पीक कुणाचंबी आसंना, तुडवायचं न्हाई."

हे पीक, ती जीप आणि ते पाच जण, सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर असतं. नानांना त्याने काही फरक पडत नाही.

नाना पुनावळ्याचे, वय अठ्ठावन्न. शेत होतं तिथे आता बावीस मजली टॉवर उभा आहे. उरलेल्या गुंठ्यांवर नानांचं दुमजली घर, आणि वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. मी मूळचा उदगीरकडचा, चाकणजवळ निघोज्याच्या एका कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात. नानांचा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. तो भंगारात द्यावा असं नानींचं मत होतं. नानांनी आधी त्यावर पत्ते खेळून बघितले, मग मोटारींच्या शर्यती लावल्या, आणि शेवटी या एका खेळावर येऊन बसले. यात दोघादोघांच्या जोड्या एका बेटावर उतरतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात, आणि शेवटपर्यंत जिवंत राहील ती जोडी जिंकते. नाना रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ त्या बेटावर असतात. त्यांची मुख्य तक्रार बेटाच्या मालकाबद्दल आहे. एवढा ऊस लावलाय, पण एक विहीर नाही, एक मोटर नाही, मग पाणी देतो कुठून?

गेल्या वर्षी तो जुना कॉम्प्युटर थकला. नाना मला म्हणाले, "नेम धरला की अडकतंय. सुटतंय तवा मी मेलेला आसतो." नवा घ्यायचा ठरला आणि काम माझ्याकडे आलं. मी परचेसला असल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू मला कळते असा नानांचा समज आहे. मागे त्यांनी माझ्याकडून व्याह्यांसाठी फेटासुद्धा निवडून घेतला होता.

मी त्यांना सांगितलं की सगळा खेळ प्रोसेसरवर आहे, बाकीचं त्याच्या हिशोबाने येतं. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोन, एकीचा खोका निळा, दुसरीचा लाल. दोन्ही चांगले. यातलं "दोन्ही चांगले" हे मी बोलायला नको होतं.

पुढचे दोन महिने नाना निळा की लाल हे विचारत गावभर फिरले. दाढी करणाऱ्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, बँकेच्या दारातल्या वॉचमनला विचारलं. सप्ताहाला आळंदीहून एक कीर्तनकार आले होते, त्यांनाही विचारलं. महाराज म्हणाले, दोन्हींत तत्त्व एकच. नानांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली शेरा मारला, "उपयोग नाही."

चिंचवडच्या दुकानात आम्ही चार वेळा गेलो. नाना दुकानदाराला दोन्ही प्रोसेसर बाहेर काढायला लावत, एक या तळहातावर आणि एक त्या तळहातावर घेऊन डोळे मिटून उभे राहत. मग चौकशी. खातो किती? तापतो किती? तापल्यावर ऐकतो का? चौथ्या खेपेला दुकानदाराने समजावलं की निळा पुढे कधी बदलायचा झाला तर बहुतेक मदरबोर्डही बदलावा लागेल. नानांनी निळा खाली ठेवला. "बैल बदलला म्हणून गोठा पाडायचा व्हय?"

मला वाटलं, सुटलो. पण दोन दिवसांनी ते पुन्हा निळ्यावर आले होते. नानींनी जिन्यात मला गाठून सांगितलं, "मला बघायला आलं तवा ह्यांनी धा मिन्टांत व्हय म्हणलं व्हतं. आन ह्या टिचभर तुकड्याला दोन महिनं."

मग एका सकाळी मी बाइक काढत असताना नाना गेटपाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पलीकडच्यानं कोणता घेतलाय?"

पलीकडचा म्हणजे सुरेशकाका, नानांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांची घरं एकमेकांना लागून, मधे एक भिंत. भिंत नऊ इंचांची आहे. जागेची वाटणी झाल्यावर ती बांधली, आणि ते नऊ इंच कुणाच्या जागेतून गेले यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला सहा वर्षं झाली. मोजणीवाले दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा भिंत नानांच्या जागेत निघाली, दुसऱ्यांदा सुरेशकाकांच्या. तेव्हापासून सुरेशकाकांनी गेट हिरवं केलं की नाना निळं करतात, आणि तिकडे तुळस लागली की इकडे मोगरा. सुरेशकाकाही संध्याकाळी कॉम्प्युटरवर खेळतात हे मला दूधवाल्याकडून कळलं होतं. तेव्हा नानांना काय हवंय हे मी ओळखलं. पलीकडे निळा असेल तर इथे लाल.

चुकून आलेलं कुरिअर द्यायच्या निमित्ताने मी पलीकडे गेलो. सुरेशकाकांनी बसवून चहा दिला, चाकणच्या ट्रॅफिकवर अर्धा तास बोलले, आणि मी उठलो तेव्हा स्वतःच्या चपलेकडे बघत म्हणाले, "तुमच्या मालकांनी कोणता घेतला?"

मी म्हणालो, अजून ठरत नाही.

"मग माझंबी थांबलंय," ते म्हणाले.

म्हणजे हा वाट बघतोय त्याची आणि तो याची. परचेसच्या माणसाला असा घोळ सहन होत नाही. मी नानांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही लाल घेऊन टाका, ते आपोआप निळा घेतील, विषय संपला. नानांनी वही मिटली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी नळाला पाणी का नाही हे विचारायला मी खाली गेलो. नानांच्या हेडफोनची वायर तुटली होती, म्हणून खेळाचा आवाज स्पीकरवर लावलेला होता. पडद्यावर नाना एका खडकाआड बसले होते. इतक्यात उघड्या खिडकीतून, भिंतीपलीकडून आवाज आला, "राव, डावीकडं बघा. मी हाय मागं." क्षणभराने तेच वाक्य, त्याच आवाजात, नानांच्या स्पीकरमधून आलं.

आवाज सुरेशकाकांचा होता. त्यांचा चहा पिऊन मला आठवडाच झाला होता.

नानांनी डावीकडे बघितलं, गोळी झाडली आणि टेबलावरच्या माइकमध्ये म्हणाले, "बगितलं राव." मग त्यांना मी दारात उभा दिसलो. त्यांनी तो डाव पुरा केला, माइक बंद केला आणि खिडकीही लावून घेतली.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. पुनावळ्यातल्या खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यात सगळे टोपणनावाने यायचे. नाना "वाघ" म्हणून गेले आणि त्यांची जोडी "पैलवान" नावाच्या कुणाशी तरी लागली. तिसऱ्या दिवशी पैलवान खोकला आणि नानांनी ओळखलं.

"त्यांनी तुम्हाला ओळखलं का?" मी विचारलं.

"त्यानं पयल्याच दिशी. म्या पिकातनं जीप घातली न्हाई तवा."

वर्षभर दोघं रोज दीड तास एकत्र खेळत होते. गोळ्या, औषधं, डावीकडे, उजवीकडे, याशिवाय एक शब्द नाही. नाव नाही, नातं नाही. नानांचं म्हणणं, खेळातलं बोलणं धरत नाहीत.

"मग तो कोणता घेतोय हे तुम्हाला कशाला हवं होतं?"

नानांनी माउसची वायर बोटाला गुंडाळली. "त्याचा पळता निघाला आन माझा अडकता, तर तो काय करंल? दुसरा जोडीदार घेईल. घ्यावाच लागंल की."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून येताना आधी पलीकडे गेलो, मग अलीकडे आलो. दोघांना एकच सांगितलं, लाल घ्या, तिकडेही लालच घेतायत. दोघांनीही "आमाला काय करायचंय तिकडचं" असं म्हटलं आणि दोघांनीही लाल घेतला. दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेम्पोतून आले. टेम्पोवाल्याने लागून लागून दोन घरं बघितली आणि दोन्ही खोकी नानांच्या ओट्यावर उतरवली. नानींनी त्याला एक परत उचलायला लावलं, आणि तो दहा पावलांसाठी टेम्पो वळवून पलीकडे गेला.

नवा कॉम्प्युटर भन्नाट चालला. नाना आता वेळेवर मरत होते.

मग एका गुरुवारी संध्याकाळी मी खाली बसून त्यांचा खेळ बघत होतो. बेटावर शेवटच्या दोनच जोड्या उरल्या होत्या आणि त्यातली एक आमची होती. नानी पीठ मळता मळता येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. नानांनी नेम धरला आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, पण नवा कॉम्प्युटर त्याला झेपायचा नाही म्हणून जोडलाच नव्हता. पडदा काळा झाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खेळात कधी न ऐकलेला, जरा बिचकता.

"दादा, लाइट तुमच्याकडंबी गेली का?"

नाना हलले नाहीत. नानींनी पिठाच्या हातानेच त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला. नाना उठले, खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले आणि घसा साफ केला.

"व्हय, गेली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, जरा मोठ्याने, "बसलोय नुसता. तू?"