हौदातल्या राक्षसाचं फेरनामकरण

माणूस करणीवरून ओळखावा, हे खरंच. पण राक्षसाला करणी दाखवायची संधी फार क्वचित मिळते. बिचाऱ्याला आयुष्यभर नावावरच भागवावं लागतं. म्हणून तळमजल्यावरच्या काशम्मा जेव्हा म्हणाल्या, "नाव मवाळ केलंस तर पोरं हौदात वाकतील बघ. आदी झाकण बसवून घे की," तेव्हा वैजयंतीनं तो इशारा आदरपूर्वक बाजूला ठेवला. काशम्मांचं शिक्षण सातवी. वैजयंती एम.ए., मानसशास्त्र (शिवाय बालसंगोपनाचे तीन ऑनलाइन कोर्स).

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीत जमिनीखाली पाण्याचा मोठा हौद आहे. त्याचं झाकण मोडून दोन वर्षं झाली. तेव्हापासून झाकणाचं काम ढर्रखंड्या पाहत होता. काशम्मांनी निर्माण केलेला हा राक्षस हौदात राहायचा. कसा दिसतो, काय खातो, कुणी कधी सांगितलं नव्हतं. नावच पुरे होतं. पण वैजयंतीची पाच वर्षांची राजनंदिनी झोपेत दचकू लागली, आणि नामशुद्धी उपसमिती स्थापन झाली.

समितीनं शास्त्रशुद्ध पाहणी केली. 'ढर्रखंड्या' ऐकवताच तेवीस मुलांपैकी एकोणीस आईला बिलगली, तीन रडली आणि एकानं "परत म्हणा की!" अशी मागणी केली (हा अमृत, त्याला पाहणीतून वगळण्यात आलं). निष्कर्ष असा : ढ कोवळ्या मनाला अपायकारक, त्याच्या जोडीला ख बसवणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. र्र फक्त सात वर्षांवरील मुलांसमोर, तोही पालकांच्या उपस्थितीत. ल, म, न निर्धोक. चार बैठका आणि बऱ्याच शेंगापोळ्या संपल्यावर राक्षसाचं नाव 'निमिलू' ठरलं. (झाकणाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.)

आठवड्याभरात दचकण्याचं प्रमाण शून्यावर आलं.

"मम्मी, निमिलू जेवला का गं?" राजनंदिनीनं विचारलं.

"जेवला हं, बाळा."

वैजयंतीनं हा संवाद अहवालात 'सहृदयतेतील वाढ' या सदराखाली नोंदवला.

"लई गुणाचा राक्षस आणलास बाई," काशम्मा म्हणाल्या. "आता पाव्हणचार बी होऊ दे त्याचा."

"अक्का, तुम्हाला नाही कळायचं ते."

आज नळाला पाणी आलंय. हौद काठोकाठ भरलाय. चौथ्या मजल्यावर अहवालाचं शेवटचं पान लिहिताना वैजयंतीच्या लक्षात आलं, ओट्यावरचा बिस्किटांचा पुडा जागेवर नाही. दाराशी राजनंदिनीच्या चपलाही नाहीत.

ती जिना उतरत धावतेय. काशम्मा सात रस्त्याच्या चौकात गेल्यात. उपसमितीचे सदस्य ऑफिसात आहेत. राहता राहिलात तुम्ही. आणि तुम्हीही इतका वेळ दोन्ही नावं जिभेवर घोळवून कुठलं जास्त भीतिदायक तेच ठरवत बसला होतात. झाकणाचं काय झालं, असं एकदा तरी विचारलंत?

असू दे. ती जिन्यातून ओरडतेय ते तरी ऐका : "अहो, तुम्ही खालीच आहात ना? हौदाकडं पळा आधी! माझी पोर तिथं आहे का बघा!"