दोघांत नातं एकच

माणसाला जन्मतः दोन गोष्टी फुकट मिळतात: हवा आणि नातेवाईक. पैकी हवेची नोंदवही ठेवण्याची गरज अद्याप कोणाला भासलेली नाही.

वडीगोद्रीच्या बद्रीनाथरावांचं हमरस्त्याला लागून मंगल कार्यालय आहे. तिथल्या तारखा, भांडी आणि माणसं बरीच वर्षं एका फाटक्या वहीत सुखाने नांदत होती. मग संगणक घ्यायचं ठरलं, जालन्याहून शिवशंकर नावाचा इंजिनियर आला आणि म्हणाला, "काका, आपलं सॉफ्टवेअर रिलेशनल डेटाबेसवर चालतं."

"रिलेशनच पाह्यजे!" बद्रीनाथराव खूश झाले. "आमचा सगळा धंदाच रिलेशनवर चालून राह्यलाय."

शिवशंकरने अर्धा तास समजावलं, की हे रिलेशन तक्त्यांचं असतं. गिऱ्हाइकांचा तक्ता, तारखांचा तक्ता, पातेल्यांचा तक्ता, आणि ते सगळे नंबरांनी एकमेकांना जोडलेले. बद्रीनाथराव मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बराबर. मंग साडू कोणत्या तक्त्यात बसवायचे?"

(इथे शिवशंकरने राजीनामा द्यायला हवा होता. पण कंपनी त्याचीच होती.)

अशा रीतीने नात्यांचा स्वतंत्र तक्ता अस्तित्वात आला. तीन महिन्यांत त्यात दोन हजार तीनशे अठरा माणसं भरली गेली. पैकी रुसलेले सदतीस (कायमचे नऊ, हंगामी अठ्ठावीस). 'रुसण्याचं कारण' हा रकाना रिकामा ठेवता येत नसे. सर्वाधिक आढळलेलं कारण: माइकवर नाव उशिरा घेतलं. कोणाला फेटा, कोणाला टोपी-टॉवेल आणि कोणाला नुसतं हसून बघायचं, याची यादी मशीन आपोआप छापू लागलं. जुनी वही रद्दीत गेली.

एक नियम मात्र बद्रीनाथरावांनी हट्टाने घालून घेतला होता: दोन माणसांत नातं एकच. कारण एका लग्नात एका पाहुण्याने मामा म्हणून, व्याही म्हणून आणि माजी सरपंच म्हणून तीन टोप्या नेल्या होत्या.

मग बद्रीनाथरावांच्या सत्यशीलेचं लग्न ठरलं. मुलगा घनसावंगीचा प्रितम, मुहूर्त पाचव्या दिवशीचा, त्यानंतर चार महिने मुहूर्त नाही. बापाने स्वतःच्या हाताने नोंद भरली. मशीनने कळवलं: 'नोंद होऊ शकत नाही. वर हे वधूचे मामा आहेत.'

घरात हलकल्लोळ झाला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की जांब समर्थला दर्शनाच्या रांगेत सत्यशीलेच्या आई पुष्पाबाईंनी प्रितमच्या थोरल्या भावाला राखी बांधली होती आणि तो मानलेला भाऊ त्यांनीच तक्त्यात भरवला होता. भावाचा भाऊ तो भाऊ, आईचा भाऊ तो मामा. मशीनचं काही चुकलं नव्हतं.

"म्या थोरल्याला बांधली वं राखी," पुष्पाबाई रडकुंडीला आल्या. "ह्याला कशाला बांधू?"

बद्रीनाथरावांना वेगळीच काळजी. मंगलाष्टकांच्या वेळी मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो, आणि नवरदेव अंतरपाटापलीकडे. प्रितम एकटा दोन्हीकडे कसा पुरणार?

"ती राखी काढून टाक जल्दी," त्यांनी शिवशंकरला फर्मावलं.

"काका, एक नोंद काढली की तिला जोडलेल्या सगळ्या जातेत."

"जाऊ दे. पोरीचं लग्न हाय."

शिवशंकरने बटण दाबलं. राखी गेली, राखीमागे भाऊ, भावामागे त्याचे साडू, साडवांमागे व्याही. आपल्या जिल्ह्यात कोण कोणाचा लागत नाही? शेवटी तक्त्यात चौदा माणसं उरली, त्यात भटजी आणि आचारी धरून.

आठवून आठवून बोलवावं, तर कोणीतरी राहणारच. बद्रीनाथरावांनी रात्रभर विचार करून निर्णय घेतला: एकाला विसरलं तर तो रुसवा, सगळ्यांना विसरलं तर ती पद्धत.

लग्न झालं. बारा पस्तीसचा मुहूर्त बारा पस्तीसला लागला (कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच). माइक लावलाच नाही. जिलबी गरम होती आणि प्रत्येकाला ती बसून खाता आली. सत्यशीला अक्षता पडताना खुदकन हसली, आणि मध्ये एकही फेटा नसल्यामुळे ते बापाला दिसलं. बद्रीनाथराव ढसाढसा रडले. पंचवीस वर्षांत हजार लग्नं लावलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच एक लग्न पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रुसलेल्यांची संख्या दोन हजार तीनशे चार झाली.

वाचकहो, तुम्ही हसत असाल, तर अवश्य हसा. पण गेल्या लग्नसराईत कोणत्या मांडवात तुमचं नाव घ्यायचं राहिलं आणि तुमच्या आधी कोणाचं घेतलं, हे तुम्हाला आत्ता, न विचारता आठवलं की नाही?

मग तेवढं कळवा. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.