नीरफणसाचं झाड कुठे गेलं?

"सोमवारपासून या ऑफिसात फाईल उघडेपर्यंत कुणाचा चहा थंड होणार नाही," लोसालिनीने जाहीर केलं. फिजीतल्या सुवा शहरामधल्या त्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात माणसं दोनच, ती आणि मालक हरिचरण, पण आव मात्र भरल्या सभेत बोलल्याचा.

सर्व्हरवर गोंधळ होताच. जिना शोधायला गेलं की तीन संडास हाती लागायचे. तिने शनिवारभर बसून कामागणिक फोल्डर लावले, फाईलींना शहाणी नावं दिली. खरं सांगायचं तर वेग हा बहाणा होता. यादीत सगळ्यात वर 'अपेनिसा' हे नाव यायचं. तिच्या शेजारी बसून नकाशे काढणारा अपेनिसा ऑकलंडला नोकरीला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची खुर्चीही हरिचरणने विकली होती. पण हे नाव रोज सकाळी समोर यायचं आणि मग तिचं कामात लक्ष लागायचं नाही. त्याच्या नावाचा तो फोल्डर तिने 'जुनं'मध्ये पार तळाशी ढकलला आणि घरी जाऊन पोटभर रडली.

सोमवारी फाईली खरंच भराभर उघडल्या. हरिचरणने खुशीत रेवा नदीकाठच्या एका गावाच्या सभागृहाचा नकाशा छापला आणि न बघताच बसने गावाला धाडला.

मंगळवारी गावचे प्रमुख रातू तेविता चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले आणि थेट जमिनीवर बसले.

"आमचं नीरफणसाचं झाड तोडायचं कुणी ठरवलं?" रातूंनी विचारलं. त्या झाडाखाली गाव बसतं, आणि नकाशात ते नव्हतं.

"कुणीच नाही, रातू. ते कॉम्प्युटरमध्ये हरवलंय," लोसालिनी म्हणाली.

"आमचं झाड तुझ्या कॉम्प्युटरमध्ये गेलंच कशाला, पोरी?"

ऑफिसातलं प्रत्येक झाड अपेनिसाने काढलेलं. सगळे नकाशे झाडं त्याच्याच फोल्डरमधून उचलत; फोल्डर हलला आणि झाडं गेली.

"लोसा, अख्ख्या सुवात तू एक झाड ठेवलं नाहीस," हरिचरण कळवळला. त्याने बाजारातून यांगोना या मानाच्या पेयाच्या मुळांची जुडी आणली आणि गुडघे टेकून रीतसर माफी मागितली. रातूंनी जुडी स्वीकारली, यांगोना कालवायला लावली, पण झाड बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणाले.

लोसालिनीने फोल्डर जागेवर आणला, तरी झाडं येईनात. नावं बदललेली ना! जुनी नावं एकालाच ठाऊक होती. तिने ऑकलंडला फोन लावला.

"लोसा? किती दिवसांनी गं! बरी आहेस ना?"

ती बरी नव्हती, पण मागे पाच म्हातारे वाट बघत होते. तो हसत एकेक नाव सांगत गेला, नीरफणस पडद्यावर उभा राहिला, रातूंनी यांगोनाची वाटी रिकामी करून रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि बोलायला काही उरलं नाही म्हणून फोन ठेवला. संध्याकाळभर तिला स्वतःचा राग येत राहिला.

गुरुवारी सगळ्या नकाशांतून दरवाजे गायब झाले.

"आता हे कसं झालं?" हरिचरणने कपाळाला हात लावला.

"काय माहीत," लोसालिनी म्हणाली. फोन तिच्या हातात होताच.

"दरवाजे? अगं, काळजी नको," अपेनिसा फार मायेने म्हणाला. "मी कालच सगळ्या फाईलींची नावं हरिचरणला लिहून पाठवलीत. आता तुला माझ्यासाठी कधीच फोन करत बसावं लागणार नाही."

"उपकार झाले," लोसालिनी म्हणाली.