म्हातारीला स्किप करू नका

"म्हातारीला सोमवारी काढून टाकायचं," जोसलिन म्हणाली, आणि ओरेस्ट मेल्निकचा चेहरा घरचं कुणी गेल्यासारखा झाला.

म्हातारी म्हणजे होरपिना. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीत ओरेस्ट पात्रांचे संवाद लिहायचा, आणि होरपिना ही त्याची चार वर्षांची मेहनत. गेममधला नायक तलवार उपसून राज्य वाचवायला निघतो, आणि ही झाडपाल्याची औषधं देणारी म्हातारी कटकट करत त्याच्या मागे मागे. तिचा मेंदू कंपनीतल्या प्रोग्रामर कर्टिसनं बनवला होता. नायक कुणाशी उर्मट वागला, काय बोलून फिरला, सगळं ती लक्षात ठेवायची आणि नेमकं नको तेव्हा उकरून काढायची.

"इतकं हुशार पात्र दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दाखव मला!" ओरेस्ट कळवळून म्हणाला.

"हुशार असेल रे, पण ऐकतंय कोण? ती तोंड उघडायच्या आत सगळे स्किप दाबतात. मीसुद्धा दाबलं." मग साहेबीणबाईंना थोडी दया आली. "शनिवारी सगळ्यांच्या घरची माणसं गेम बघायला येतायत. त्यांच्यातल्या एकानं जरी तिचं पूर्ण ऐकलं, तरी ठेवू."

शनिवारी भाचे आले, मेहुणे आले, सगळ्यांनी मनोभावे स्किप दाबलं. कर्टिसच्या बायकोनं तर म्हातारीला कड्यावरून ढकलायची सोय आहे का, अशी चौकशी केली. ओरेस्टनं आशा सोडली, आणि तेवढ्यात दारातून पातेलंभर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन त्याची आई आत आली.

स्टेफा मेल्निक व्हेग्रव्हिल नावाच्या गावी एकटी राहायची. 'तुला कंटाळा येईल' असं सांगून ओरेस्टनं तिला परस्पर कटवलं होतं, पण जोसलिननं सगळ्यांच्या घरी आमंत्रणं धाडली होती. आई यायला नको होती, त्याला कारण होतं. दर रविवारी तिचा फोन आला की ओरेस्ट तो स्पीकरवर टाकायचा आणि तिचं बोलणं होरपिनाच्या तोंडी घालायचा. लेखकाला माल कुठून तरी आणावाच लागतो. हा आईकडून आणत होता, तोही न विचारता.

आई पडद्यासमोर बसली. होरपिना खेकसली, "टोपी घातलीस का? कान उघडे टाकून राज्य वाचवता येत नाही!"

"बरोबर आहे बाईचं," आई म्हणाली.

"त्या गवळणीचा मुलगा बघ, रोज आईकडे जातो. आणि आमचे हे शूरवीर!"

आईचे डोळे बारीक झाले. "अरे, हे मी शेजारच्या डॉरिसच्या मुलाबद्दल बोलले होते."

"योगायोग असतात गं, आई."

"पोटात कोबीचं सूप गेल्याशिवाय डोकं चालत नाही," होरपिना म्हणाली.

"हेही माझंच!" आई ओरडली. मग ती दर वाक्याला ओरडू लागली. स्किप दाबायचा प्रश्नच नव्हता. स्वतःचं बोलणं कोण स्किप करतं? बघता बघता गर्दी जमली. जोसलिन खुर्ची ओढून बसली. म्हातारी वाचली हे ओरेस्टला दिसत होतं, पण धरणी पोटात घेईल तर बरं, असंही वाटत होतं.

मग होरपिना गप्प झाली आणि पडद्यावर नायकाची उत्तरं आली, खेळणाऱ्यानं त्यातलं एक निवडायचं. आईनं चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली. "'हं.' 'बघतो.' 'नंतर बोलू, घाईत आहे.'" ती वळली. "हा तर तू!"

खोलीत हशा फुटला. आई हसली नाही. "यात 'तू कशी आहेस' कुठाय?"

"ते... नाहीये, आई."

"खाली असेल, बघ नीट."

कर्टिस मदतीला धावला. काही माणसांची मदत न झालेलीच बरी. "तिच्या मेंदूत जागा ठेवलीय मी, मिसेस मेल्निक. तसं कुणी विचारेल म्हणून ती वाटच बघत असते. ओरेस्टनं प्रश्नच लिहिला नाही."

"म्हातारी राहणार," जोसलिननं जाहीर केलं. "पण तो प्रश्न हवा आणि तिचं उत्तरही हवं. आत्ता लिही."

ओरेस्ट कीबोर्ड ओढून बसला. आईची बोलणी त्याला तोंडपाठ होती, पण ती कशी आहे याचा त्याला पत्ता नव्हता. "सुचत नाहीये," तो पुटपुटला.

"त्यात सुचायचं काय? आई शेजारी बसलीय. विचार की!" जोसलिन म्हणाली.

चाळीशीच्या माणसानं सगळ्या ऑफिसदेखत, कान लाल करून विचारलं, "आई... तू कशी आहेस?"

आईनं कंट्रोलर खाली ठेवला. "मार्चमध्ये मागच्या पायरीवर बर्फावरून घसरले. हात मोडला. डॉरिसनं दवाखान्यात नेलं. तुला सांगितलं होतं फोनवर."

"मला? मग मी काय म्हणालो?"

"'छान' म्हणालास."

कुणीच हसलं नाही. कर्टिस स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. ओरेस्टला इतकी शरम वाटली की मान वर होईना. फोनवरचं गमतीचं तेवढं तो उचलत आला होता. बाकीचं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देत होता.

"मग... एका हातानं सगळं कसं केलंस?" त्यानं विचारलं.

"दातांनी पाकिटं फाडली. मांजराला शिव्या घातल्या, घरात दुसरं होतं कोण? बटणं निघायची नाहीत म्हणून कोटासकट झोपले. इस्टरला चर्चमध्ये बायका विचारतात, स्टेफा, कोट इतका चुरगळला कसा?" ती बोलता बोलता थांबली. "ओरेस्ट."

"ऐकतोय, आई. खरंच ऐकतोय. बोल ना."

"मग टाइप करणं थांबव."

त्यानं खाली पाहिलं. बोटं आपली आपणच चालू झाली होती, आणि पडद्यावर मजकूर 'कोटासकट झोपले'पर्यंत आला होता.